माणशी अर्धा तोळा

सराफाने दिलेली पावती एकदा नीट वाचा. आधी सोन्याचे वजन, मग त्या दिवसाचा भाव, मग घडणावळ, शेवटी जीएसटी. कारागिराने मणी ओवले, वाटी ठोकली, डाग दिला, त्याची मजुरी घडणावळीत येते. ती जास्त वाटली तर आपण घासाघीसही करतो. पण हे सोने जमिनीच्या पोटातून ज्याने वर काढले, त्याच्यासाठी पावतीवर रकाना नाही. ‘खोदणावळ’ असा शब्दच मराठीत नाही.

या लेखापुरता तो आहे असे धरू आणि हिशेब मांडू. माप आपल्या ओळखीचे घेऊ: तोळा, आजच्या बाजाराच्या भाषेत १० ग्रॅम. आणि देश घेऊ दक्षिण आफ्रिका. कारण सोन्याच्या बाबतीत या एका देशाचे आकडे इतके अवाढव्य आहेत, की त्यांच्यापुढे बाकी देशांचे हिशेब किरकोळ खर्चाच्या वहीत जातात.

एका टेकाडाचे सोने

माणसाने आजवर जगभरात मिळून खणलेले सोने सुमारे २ लाख १६ हजार टन भरते. ते सगळे वितळवून एकच ठोकळा केला तर त्याची लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी २२ मीटर होईल. सात मजली इमारत, बस. इजिप्तच्या राजांपासून तुमच्या आत्याच्या पाटल्यांपर्यंत सगळे त्यात आले.

यातला जवळजवळ चौथा हिस्सा, म्हणजे ५० हजार टनांहून जास्त सोने, दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँड नावाच्या एकाच खडकपट्ट्यातून निघाले. तिथले लोक त्याला नुसते ‘रँड’ म्हणतात. देशाच्या चलनालाही तेच नाव आहे. १८८६ मध्ये लँगलाग्टे नावाच्या शेतात जॉर्ज हॅरिसन या भटक्या खाणकामगाराला या पट्ट्याचे तोंड सापडले. शोधकर्ता म्हणून मिळालेला हक्क त्याने दहा पौंडांना विकला आणि तो निघून गेला. त्याच वर्षी माळरानावर तंबू पडले, आणि त्या तंबूंचे जोहान्सबर्ग झाले.

हे आकडे आपल्या घरच्या आकड्यांशी ताडून पाहू. कर्नाटकातल्या कोलारच्या खाणी १८८० च्या सुमारास जॉन टेलर कंपनीने नव्या पद्धतीने सुरू केल्या. एकेकाळी तिथे ३० हजारांहून जास्त माणसे राबत होती. चॅम्पियन रीफ खाण ३ किलोमीटरहून खोल गेली. २८ फेब्रुवारी २००१ रोजी कोलारला टाळे लागले, तोवर सव्वाशे वर्षांत तिथून निघालेले सोने होते सुमारे ८०० टन. दक्षिण आफ्रिकेने १९७० या एका वर्षात काढले १,००० टन. आणि आपण? २०२४ मध्ये भारतात सोन्याला मागणी होती ८०० टनांची. कोलारच्या चार-पाच पिढ्यांनी जन्मभर जे खणले, ते आपल्याला एका वर्षाच्या लग्नसराईला आणि गुंतवणुकीला पुरते. आज भारतात सोन्याची नाव घेण्यासारखी एकच चालती खाण आहे, रायचूर जिल्ह्यातली हट्टी. ती वर्षाला जेमतेम दीड टन देते.

टनामागे तोळा

१९७० च्या त्या विक्रमी वर्षी रँडच्या दगडात टनामागे सरासरी १३ ग्रॅम सोने मिळत होते. म्हणजे हजार किलो दगडामागे सव्वा तोळा. या हिशेबाने १,००० टन सोन्यासाठी साडेसात कोटी टन दगड वर काढून दळावा लागला. सोने डोळ्यांना दिसत नाही. दगडाचे पीठ करायचे, त्यात सायनाइडचे पाणी घालून सोने विरघळवायचे आणि ते पुन्हा गोळा करायचे. ही सायनाइडची रीत १८९० च्या सुमारास रँडवर आली नसती, तर खोलवरचा दगड फोडण्यात अर्थच उरला नसता.

आता खोल खाणींत टनामागे साधारण ५ ते ६ ग्रॅम मिळते. अर्धा तोळा. दोन तोळ्यांच्या मंगळसूत्रासाठी साडेतीन-चार टन दगड, म्हणजे लहान टेम्पोच्या तीन-चार खेपा. आणि हा झाला फक्त सोन्याचा दगड. त्याच्यापर्यंत पोहोचायला जे बोगदे खोदावे लागतात, त्यांचा मलबा निराळा.

सोने ज्या थरात आहे, त्या थराला खाणवाले ‘रीफ’ म्हणतात. रीफ म्हणजे जमिनीत तिरका घातलेला पातळ पापुद्रा. काही ठिकाणी त्याची जाडी हातभर, काही ठिकाणी बोटभर. उत्तरेला तो जमिनीवर उघडा पडलेला, दक्षिणेकडे खोल खोल उतरत गेलेला. पहिल्यांदा लोकांनी वरून कुदळीने खणला, मग शंभर मीटर, मग हजार, मग तीन हजार. दर पिढीला आधीच्या पिढीहून खोल जावे लागले.

रीफ पातळ असल्यामुळे त्याच्याभोवती जितका जास्त दगड फोडाल, तितका खर्च फुकट. म्हणून कामाची जागा ठेवतात जेमतेम एक मीटर उंचीची. डायनिंग टेबलाखाली शिरून भिंतीला ड्रिल मारायचे असे समजा, फक्त टेबल शेकडो मीटर लांब आहे आणि तिरके आहे. तिथे मोठे यंत्र शिरत नाही. शिरतो तो माणूस, गुडघ्यांवर किंवा पाठीवर पडून, हातात ड्रिल घेऊन. सगळ्या जगात खाणकाम यंत्रांकडे गेले, तरी रँडवर माणसांची फौज का लागत राहिली, त्याचे उत्तर या एक मीटरमध्ये आहे.

अडीच कळसूबाई खाली

जोहान्सबर्गच्या नैर्ऋत्येला म्पोनेंग नावाची खाण आहे, जगातली सर्वांत खोल. सुमारे ४ किलोमीटर. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. तशी जवळजवळ अडीच शिखरे उलटी करून जमिनीत खुपसली, की म्पोनेंगचा तळ लागेल.

पाळी सुरू होते तेव्हा तीन मजली पिंजऱ्यात शंभराहून जास्त माणसे दाटीवाटीने उभी राहतात आणि पिंजरा ताशी साठ किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली सुटतो. एका दमात तळ गाठता येत नाही, कारण इतक्या लांब पोलादी दोराला स्वतःचेच वजन पेलवत नाही. मध्ये उतरून दुसऱ्या पिंजऱ्यात जायचे, मग छोटी गाडी, मग पायी, मग रांगत. कामाच्या जागी पोहोचायला तासाहून जास्त वेळ लागतो आणि परत यायला तितकाच. हा वेळ पाळीतूनच जातो. खाण जितकी खोल, तितका प्रत्यक्ष काम करण्याचा वेळ कमी.

तळाशी खडकाचे तापमान ६६ अंशांपर्यंत जाते. हात लावला तर भाजेल. माणसाला जगता यावे म्हणून वर बर्फ तयार करून पाण्यात कालवतात आणि नळांतून खाली सोडतात. दिवसाला ६ हजार टन बर्फ. दहा टनी ट्रकच्या भाषेत रोज सहाशे ट्रक. त्यावरून वाहणारी हवा बोगद्यांत फिरवली, की तापमान तिशीच्या आत येते. हे पंखे, पंप आणि बर्फाचे कारखाने एक दिवसही बंद ठेवता येत नाहीत. सुट्टीच्या दिवशी एक ग्रॅम सोने निघाले नाही तरी विजेचे मीटर पळतच असते.

आणि डोक्यावरचा भार? साडेतीन किलोमीटर खडकाचे वजन दर चौरस सेंटीमीटरला जवळजवळ एक टन होते. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर एक छोटी मोटार उभी. आपण पोकळी केली, की हा ताण शेजारच्या दगडावर जातो आणि कधीतरी तो दगड स्फोट झाल्यासारखा फुटतो. खाणवाल्यांचा शब्द ‘रॉकबर्स्ट’. कोलारच्या खाणकामगारांनाही तो पाठ होता.

१९९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत न्यायमूर्ती लिऑन यांच्या आयोगाने खाणींतल्या मृत्यूंची बेरीज मांडली. १९०० ते १९९३ या काळात देशातल्या सगळ्या प्रकारच्या खाणींत मिळून ६९ हजारांहून जास्त कामगार मेले. दहा लाखांहून जास्त गंभीर जखमी झाले. ९४ वर्षे, रोजचे दोन मृत्यू, एकही दिवस न चुकता. त्याच १९९५ च्या मे महिन्यात वाल रीफ्स खाणीत जमिनीखालचे इंजिन उभ्या विहिरीत कोसळले आणि खाली जाणाऱ्या दुमजली पिंजऱ्यावर आदळले. शंभराहून जास्त माणसे गेली.

भाव बांधलेला, माणूस स्वस्त

आता खोदणावळीकडे येऊ. कांद्याला भाव नाही मिळाला तर शेतकरी दुसरा बाजार बघतो, नाहीतर रस्त्यावर ओततो. सोन्याच्या खाणवाल्यांची गंमत वेगळी होती. १९३४ पासून १९६८ पर्यंत सोन्याचा भाव बांधलेला होता: औंसाला ३५ डॉलर. त्याआधी तो वीस डॉलर आणि काही सेंट होता, तोही बांधलेलाच. तुम्ही कितीही सोने आणा, ते हातोहात विकले जाणार. पण भाव एक पैसा वाढणार नाही. मग नफा वाढवायचा एकच मार्ग उरतो: खर्च कमी ठेवणे. आणि खर्च म्हणजे मुख्यतः माणूस.

खाणमालकांनी १८८९ मध्येच ‘चेंबर ऑफ माइन्स’ नावाची संघटना काढली. मजूर मिळवण्यासाठी मालकांनी एकमेकांत चढाओढ करायची नाही, सगळ्यांनी मिळून एकच भरती करायची, एकच दर द्यायचा. आठवडी बाजारातले सगळे अडते एकत्र येऊन एकच भाव पुकारू लागले तर शेतकऱ्याचे जे होते, तेच मजुराचे झाले. भरतीचे जाळे मोझांबिक, मलावी, लेसोथो असे दूरवर पसरले. सुरुवातीला तेही पुरले नाही, तेव्हा १९०४ पासून चीनमधून जहाजे भरून ६३ हजारांवर मजूर आणले आणि १९१० पर्यंत परतही पाठवले. त्याच १९०४ साली जोहान्सबर्गजवळच्या एका सोन्याच्या खाणीत प्लेग फुटला. तिथे काम करणाऱ्या २३ हिंदी मजुरांना लागण झाली आणि त्यांच्या शुश्रूषेला जे धावले, त्यांत त्या शहरात वकिली करणारे मोहनदास गांधी होते. ही हकिगत त्यांच्या आत्मकथेत आहे.

गोरे कामगारही होते, पण वेगळ्या पट्टीवर. १९२२ मध्ये मालकांनी गोऱ्यांची काही कामे कमी पगाराच्या काळ्या कामगारांना द्यायचे ठरवले, तेव्हा गोऱ्या कामगारांनी संप केला, संपाचे बंड झाले, सरकारने विमाने वापरली आणि सुमारे दोनशे माणसे मेली. त्यानंतर वरची कामे गोऱ्यांसाठी कायद्याने आणखी घट्ट राखली गेली.

या सगळ्याचा निकाल अर्थशास्त्रज्ञ फ्रान्सिस विल्सन यांनी १९७२ च्या आपल्या अभ्यासात एका ओळीत बसवता येईल असा मांडला. महागाई वजा केली, तर काळ्या खाणकामगाराची १९६९ ची मजुरी १९११ च्या मजुरीहून जास्त नव्हती. अठ्ठावन्न वर्षे, दोन महायुद्धे, दोन पिढ्या, आणि वाढ शून्य. गोऱ्या आणि काळ्या मजुरीचे प्रमाण १९११ मध्ये सुमारे १२ पट होते, ते १९६९ पर्यंत २० पट झाले.

कामगार कुटुंब आणू शकत नसे. करार संपला की गावी जायचे, पुन्हा भरती झाली तर पुन्हा यायचे. राहायला कंपाउंड: एका खोलीत डझनावारी माणसे, सिमेंटच्या फळ्यांवर झोपणारी. वेगवेगळ्या देशांच्या माणसांना हुकूम समजावेत म्हणून फानागालो नावाची खिचडी भाषा होती. तिच्यात शब्द थोडे, आणि त्यांतले पुष्कळसे आज्ञा देण्याचे.

पाच लाख तीस हजार

मग १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली आणि भाव उधळला. जानेवारी १९८० मध्ये औंसाला ८५० डॉलर. दहा वर्षांत वीस पटींहून जास्त.

इथे एक चमत्कार घडला. भाव वाढला आणि उत्पादन घटले. १९७० चे १,००० टन १९८० पर्यंत पावणेसातशेच्या आसपास आले. पण माणसे वाढली. कारण साधे होते. भाव कमी असताना ज्या दगडाकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते, तो कमी सोन्याचा दगड आता परवडू लागला. म्हणून खाणींनी चांगला दगड पुढच्यासाठी राखला आणि हलका दगड फोडायला घेतला. हलका दगड म्हणजे जास्त फोडणे, जास्त दळणे, जास्त हात.

हात मिळवण्याची रीतही बदलली. १९७३ मध्ये सोन्याच्या खाणींतल्या काळ्या कामगारांपैकी सुमारे ८० टक्के परदेशांतले होते. १९७४ च्या एप्रिलमध्ये घरी परतणाऱ्या मलावीच्या कामगारांचे विमान कोसळले, सत्तरहून जास्त माणसे मेली, आणि मलावीने भरती थांबवून आपली माणसे मागे घेतली. लाखावर माणसे एका निर्णयाने गेली. खाणींना देशातलेच मजूर शोधावे लागले, आणि त्यासाठी मजुरी वाढवावी लागली. साठ वर्षे हलली नव्हती ती मजुरी एका विमानाच्या अपघाताने आणि एका भावाच्या उसळीने हलली.

१९८६-८७ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत सुमारे ५ लाख ३० हजार माणसे कामाला होती. त्यांना हात पसरून एका रांगेत उभे केले, तर रांग साडेआठशे किलोमीटरच्या आसपास होते. नागपूरपासून सुरू केली तर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग संपल्यावरही दीडशे किलोमीटर माणसे उरतात. देशाच्या निर्यातीतला जवळजवळ निम्मा पैसा एकेकाळी या रांगेच्या जोरावर येत होता. शेजारच्या चिमुकल्या लेसोथोतून सव्वा लाखाच्या आसपास पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत होते. त्या देशाचे अर्धे गाडे खाणीतून आलेल्या मनीऑर्डरींवर चालत होते.

ऑगस्ट १९८७ मध्ये ही रांग थांबली. १९८२ साली स्थापन झालेल्या नॅशनल युनियन ऑफ माइनवर्कर्सने संप पुकारला. सरचिटणीस होते सिरिल रामफोसा, पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले तेच. सोन्याच्या आणि कोळशाच्या खाणींत तीन लाखांवर माणसे तीन आठवडे बाहेर राहिली. मालकांनी सुमारे ५० हजार जणांना कामावरून काढले. मुंबईच्या १९८२ च्या गिरणी संपाची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्यांना पुढचे सांगायला नको. अर्थात नोकऱ्या संपामुळे गेल्या हे म्हणणे तिथेही अर्धेच खरे आहे. संप मिटला त्या वर्षी धंदा शिखरावर होता. उतार त्याच्या पलीकडे वाट बघत होता.

रोज ३३ माणसे

आज या खाणींत ९० ते ९५ हजार माणसे आहेत. तीच रांग आता दीडशे किलोमीटरची, मुंबईहून निघून पुण्यात संपणारी.

हिशेब करा. १९८७ ते २०२३, ३६ वर्षे, सुमारे ४ लाख ३७ हजार नोकऱ्या कमी. रविवार, नाताळ, काहीही न धरता दररोज ३३ माणसांचा शेवटचा दिवस, सलग ३६ वर्षे. खाण उद्योगात असे धरतात, की एका कामगाराच्या कमाईवर गावाकडची आठ-दहा तोंडे जगतात. म्हणजे रोज तीनशे पाने उठली.

उत्पादन त्याच वाटेने गेले. १९७० चे १,००० टन, आता शंभरच्या आसपास. १९०५ पासून जवळजवळ शंभर वर्षे जगात पहिला असलेला हा देश २००७ मध्ये चीनच्या मागे पडला आणि आता पहिल्या दहांत टिकणेही त्याला जड जाते.

आता मूळ आकडा. १९७० मध्ये सुमारे ४ लाख माणसांनी १,००० टन काढले. माणशी वर्षाला अडीच किलो, एका पाळीला आठ-साडेआठ ग्रॅम, पाऊण तोळ्याच्या वर. आज? ९३ हजार माणसे, शंभर टन. माणशी वर्षाला किलोभर. एका पाळीला चार ग्रॅम. अर्धा तोळाही नाही.

जगातल्या कुठल्याही कारखान्यात पन्नास वर्षांत माणशी उत्पादन वाढते. इथे निम्म्याहून कमी झाले. माणूस आळशी झाला नाही. दगड हलका झाला, वाट लांबली, छप्पर जड झाले. पण त्या अर्ध्या तोळ्याची किंमत बघा. १९७० ची अडीच किलो म्हणजे ऐंशी औंस, तेव्हाच्या भावाने तीन हजार डॉलरच्या आत. आजचा एक किलो म्हणजे ३२ औंस. २०२५ च्या ऑक्टोबरात औंसाने ४ हजार डॉलर ओलांडले, त्या भावाने सव्वा लाख डॉलरहून जास्त.

भाव चढला, पण

मग १९७० च्या दशकासारखे पुन्हा का होत नाही? भाव चढला की हलका दगड परवडतो, माणसे वाढतात, हा नियम कुठे गेला?

१९९९ मध्ये सोने औंसाला २५० डॉलरच्या घरात होते. २०११ मध्ये ते १,९०० पर्यंत गेले. सात पटींहून जास्त. त्याच बारा वर्षांत दक्षिण आफ्रिकेच्या सोन्यातल्या नोकऱ्या दोन लाखांच्या वरून दीड लाखाच्या खाली आल्या. त्यानंतर भाव आणखी दुप्पट झाला, नोकऱ्या आणखी तिसऱ्या हिश्शाहून जास्त घटल्या.

पहिले कारण पाणी. खाण बंद झाली की पंप थांबतात आणि बोगदे भरू लागतात. शेजारच्या खाणी आतून जोडलेल्या असतात, म्हणून एकाने पंप थांबवला की दुसऱ्याचा खर्च वाढतो. २००२ मध्ये जोहान्सबर्गच्या पश्चिमेला क्रुगर्सडॉर्पजवळ हे आम्लयुक्त पाणी जमिनीवर येऊन वाहू लागले. दुकान बंद केले तर भाव आल्यावर शटर उघडता येते. खाण बुडाली की बुडाली.

दुसरे कारण वेळ. नवी उभी विहीर खोदून तळाचे सोने वर यायला दहाएक वर्षे आणि अब्जावधी रँड लागतात. दहा वर्षांनी भाव काय असेल, यावर इतकी मोठी पैज लावायला कोणी तयार नाही.

तिसरे वीज. २५ जानेवारी २००८ रोजी एस्कॉम या सरकारी वीज कंपनीने वीज पुरवण्याची हमी देता येत नाही असे कळवले आणि देशातल्या मोठ्या खाणी काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. चार किलोमीटर खाली माणसे असताना वीज गेली, तर पिंजरा आणि हवा दोन्ही थांबतात. त्यानंतरच्या वर्षांत वीजदर कित्येक पटींनी वाढले. बर्फाचे ते सहाशे ट्रक आठवा.

चौथे कारण पैशाचे स्वतःचे पाय. याच सोन्यावर मोठ्या झालेल्या कंपन्या घानात, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत गेल्या, जिथे सोने उथळ आहे आणि डंपरने भरता येते. अँग्लोगोल्ड आशांतीने २०२० मध्ये म्पोनेंग हार्मनी कंपनीला विकून देशातली आपली शेवटची खाण सोडली. गोल्ड फील्ड्सकडे इथे एकच खाण उरली, साउथ डीप. तिथला सोन्याचा थर जाड असल्यामुळे यंत्रे शिरतात. भविष्यातली खाण म्हणून तिच्याकडे पाहिले जायचे. वर्षानुवर्षे तोटा झाला आणि २०१८ मध्ये तिथून हजारावर माणसे कमी करावी लागली.

या सगळ्यात एक आकडा मात्र खरोखर चांगला आहे. १९९३ मध्ये देशातल्या सगळ्या खाणींत ६१५ माणसे अपघातात मेली. २०२४ मध्ये ४२. माणसे कमी झाली हे त्याचे एक कारण असले, तरी एकटे नाही. कायदा बदलला, जाळ्या आल्या, कामगाराला धोक्याच्या जागी जायला नकार देण्याचा हक्क मिळाला. १९९६ च्या त्याच कायद्याने बायकांना जमिनीखाली कामाची मनाई उठवली. उद्योग माणसाला जपायला शिकला, आणि जपायला माणसेच कमी उरली.

जे वर आले नाहीत

खाण सोडली तरी खाण माणसाला सोडत नाही. रँडच्या दगडात गारगोटी फार. तिची धूळ फुप्फुसात बसते, सिलिकोसिस होतो, त्यावर क्षय. इथल्या खाणकामगारांत क्षयाचे प्रमाण लाखामागे अडीच ते तीन हजार इतके नोंदवले गेले. जागतिक आरोग्य संघटना लाखामागे २५० ला आणीबाणी म्हणते. २०१८ मध्ये सहा कंपन्यांनी आजारी कामगारांसाठी ५ अब्ज रँडची तडजोड मान्य केली आणि २०१९ मध्ये कोर्टाने ती मंजूर केली. १९६५ पासूनच्या कामगारांना ती लागू झाली. तोवर कित्येकांचे अर्ज भरायला विधवाच उरल्या होत्या.

आणि ज्यांना काम मिळाले नाही, ते चोरवाटेने खाली गेले. देशात सुमारे ६ हजार सोडून दिलेल्या खाणी आहेत. त्यांत उतरणाऱ्यांना झुलू भाषेत ‘झामा झामा’ म्हणतात, म्हणजे ‘करून बघ, करून बघ’. यांत लेसोथो, मोझांबिक, झिंबाब्वेची माणसे आहेत, टोळ्यांचे गुलाम झालेले आहेत, आणि जमिनीखालच्या वाटा ज्यांना पाठ आहेत असे जुने कामगारही आहेत. ते महिनोन्महिने खाली राहतात, दगड कुटून पाऱ्याने सोने धरतात. २०२४ मध्ये स्टिलफाँटेन गावाच्या एका बंद खाणीभोवती पोलिसांनी वेढा घातला आणि खाली जाणारे अन्नपाणी रोखले. जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाच्या आदेशाने बचावाचा पिंजरा सोडला, तेव्हा तीन दिवसांत २४६ माणसे जिवंत वर आली आणि ७८ प्रेते.

तरीही माणसे खाली का जातात, याचे उत्तरही आकड्यातच आहे. वर तोळ्याचा भाव एक लाख रुपयांच्या पुढे, आणि खाली नोकरी नाही.

आता पुन्हा पावती हातात घ्या. सोने एकदा वितळले की त्याला गाव राहत नाही. कोलारचे, रँडचे, आजीच्या मोडीत घातलेल्या गोठाचे, सगळे एकाच मुशीत मिसळते. पण जगातल्या एकूण सोन्यात रँडचा हिस्सा साधारण चौथा, म्हणून सरासरीने दोन तोळ्यांच्या मंगळसूत्रात अर्धा तोळा तिथला निघतो. अर्धा तोळा म्हणजे एका माणसाची साधारण एक पाळी. पहाटे पिंजऱ्यात उभे राहणे, तासभर खाली जाणे, एक मीटर उंचीच्या फटीत पाठीवर पडून ड्रिल धरणे, आणि परत वर येणे. आला असेल तर.

वजन, भाव, घडणावळ, जीएसटी. बेरीज बरोबर आहे.